पोटमाळ्यावरची शांतता

मोरीतल्या नळाचा एक थेंब स्टीलच्या पातेल्यात पडला. टप्प. रविवार दुपारच्या अडीचच्या शांततेत तो एवढा मोठा वाजला की केतकीने डोळेच मिटून घेतले. पातेलं अर्धं भरलंय, तिच्या कानांनी आपोआप नोंद घेतली. रिकामं असतं तर टणकन वाजला असता. आवाजाच्या धंद्यात दहा वर्षं काढली की माणसाचं असं होतं.

जुई झोपेच्या अगदी दारात पोचली होती. चार वर्षांची पोर, भिंतीला पाठ घट्ट लावून निजलेली. थेंबासरशी तिने डोळे उघडले. केतकीचा हात सवयीने पुढे गेला, भिंत आणि पाठ यांच्या फटीत बोटं सरकली, आणि तिने एकदाच, अगदी एकदाच थोपटलं. लेकीचं अंग लाकडासारखं ताठ झालं.

"थोपटू नको."

"बरं. नाही थोपटत."

"हात इकडे ठेव. मला दिसेल असा."

केतकीने हात दोघींच्या मधे उशीवर ठेवला, पंजा उघडा, चोरी करताना पकडलेल्या माणसासारखा. जुई त्या हातावर नजर ठेवून कितीतरी वेळ जागी राहिली. मग पापण्या आपल्याच वजनाने मिटल्या. झोपेतही पाठ भिंतीची सुटली नाही.

तीन आठवडे हे असं चाललं होतं. याच पोरीला दात येताना, तापात, एसटीत, लग्नाच्या मांडवात बँजो वाजत असतानाही झोपवायला केतकीला दुसरं काही लागलं नव्हतं. पाठ हाताशी आली की काम झालं. नवऱ्याने, रणजितने, हे मनावर घेतलं नाही. तो दूध संघात पहाटपाळीला जायचा आणि दुपारी परतायचा. "मोठी व्हायला लागली गं," तो म्हणाला. "उद्या रस्ता ओलांडताना बोटही धरायची नाही." त्याने स्वतः थोपटून पाहिलं, तेव्हा मात्र जुई उठून स्वयंपाकघरात जाऊन बसली, ओट्याला पाठ लावून.

केतकीने त्याला सांगितलं नव्हतं, पण तिला एक शंका होती. कारण ते थोपटणं आता एकट्या जुईचं राहिलं नव्हतं. तिकीट काढून सगळा महाराष्ट्र ते ऐकत होता.

*

केतकी चौगुले कोल्हापुरात सिनेमाचे आवाज करायची. कॅमेऱ्याला दिसतं ते चित्रीकरणात मिळतं. ऐकू येतं त्यातलं बरंचसं मागाहून एका बंद खोलीत बसून करावं लागतं. पडद्यावर हाड मोडायचं तेव्हा केतकी कडाकणी, देवीच्या नैवेद्याची कडक पुरी, मोडायची. नवरात्र संपलं की ती नातेवाइकांकडून उरलेल्या कडाकण्या डब्यात भरून आणायची. 'पोटमाळा' नावाच्या भयपटांत माळ्यावरून चालणाऱ्या बाईची जी पावलं वाजत, ती केतकीच्या मामाच्या करकरणाऱ्या चपलांची होती. नऊ नंबरच्या. भूत बाईचं असलं तरी वहाणा मामाच्याच.

'पोटमाळा'चे निर्माते शामराव इंगवले. वाडवडिलांचा धंदा गुळाचा. बाजार बसल्यावर त्यांनी गोदामात स्टुडिओ घातला. अडीच फुटी भिंती, बाहेरचा आवाज आत येत नसे. मुंग्या मात्र यायच्या. कितीही पुसलं तरी जमिनीला अजून गुळाचा वास होता.

पाच-सहा वर्षांपूर्वी थिएटरांत नाडीखुर्च्या आल्या. हाताच्या दांडीवर एक पट्टी. तळव्याला घाम किती सुटला ते तिला कळतं. मनगटाखाली नाडी मोजणारा बारीक लाल दिवा, पाठीच्या उशीत श्वास मोजणारी नळी. तुमचं नाव-गाव खुर्ची विचारत नाही. अंग काय म्हणतं आणि कितव्यांदा आलात, तेवढंच टिपते. पट्टीवर हात ठेवायला तयार असाल तर तिकिटात सूट. एक हात पुरतो, पण न जाणो म्हणून कोल्हापूरकर दोन्ही ठेवून बसत.

या खुर्च्यांनी भयपटवाल्यांचं जुनं दुखणं उघडं पाडलं. पहिल्या भागाला प्रेक्षक शंभर वेळा दचकत असले तर दुसऱ्याला सत्तर, तिसऱ्याला चाळीस. मेंदू फार काटकसरी. एकदा ज्याने काही बिघडलं नाही, त्यासाठी तो पुन्हा धडधड खर्चत नाही. तिसऱ्यांदा आलेलं भूत म्हणजे मुक्कामाला आलेला पाहुणा. चहा टाकायलासुद्धा कोणी उठत नाही. आणि थिएटरवाले त्या आलेखावरूनच पुढच्या आठवड्याचे खेळ ठरवत. 'पोटमाळा ३' दुसऱ्याच आठवड्यात सकाळी नऊच्या खेळावर ढकलला गेला. तिथे कॉलेज बुडवून आलेली जोडपी तेवढी असत, आणि ती काही भुताकडे बघत नसत.

चौथ्या भागाने मात्र सगळ्यांना तोंडात बोट घालायला लावलं. लोक पहिल्या भागापेक्षा जास्त दचकत होते. दुसऱ्यांदा आले तरी तेवढेच, तिसऱ्यांदा आले तरी तेवढेच. सांगलीपासून गोंदियापर्यंत नऊ आठवडे हाऊसफुल्लची पाटी, मग चार भाषांत डबिंग. शामरावांनाच कळेना की आपण असं केलं तरी काय.

ते कळलं नाझनीनला. डॉ. नाझनीन बागवान ही केतकीची शाळेपासूनची मैत्रीण. मेंदूवर संशोधन करून परत आली होती आणि शामरावांकडे हे आलेख वाचायचं काम करायची. वर्षापूर्वी एका दुपारी ती लॅपटॉप घेऊन स्टुडिओत आली.

"केते, हे बघ. माळ्यावरची रिकामी खोली. पडद्यावर काय आहे?"

"काही नाही. एक ट्रंक."

"आवाज?"

"काही नाही. खोलीची शांतता."

"मग दोनशे बारा माणसांची नाडी एकदम खाली का येते? आणि सगळ्यांची एका लयीत, मिनिटाला चौसष्ट. इचलकरंजीत तेच, नागपुरात तेच. ट्रंक बघून?"

आता ही खोलीची शांतता काय भानगड आहे ते सांगायला हवं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पत्र्याची वेगळी, लाकडाची वेगळी, ओलीची वेगळी. म्हणून चित्रीकरण आटपलं की सगळ्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि त्या खोलीची दोन मिनिटांची शांतता टिपून घ्यायची. पुढे दृश्याखाली ती अंथरतात, चटईसारखी. आणि भयपटवाल्यांचा आणखी एक रिवाज: भूत तोंड दाखवणार त्याच्या अर्धा सेकंद आधी ही चटईसुद्धा ओढून घ्यायची. कानाखालून जमीन गेल्यासारखं होतं, आणि मग किंचाळी.

केतकीने त्या शांततेचा आवाज वाढवला. आणखी वाढवला. आधी सळसळ आली, मग लाकडाची घरघर, आणि त्याखाली अगदी दूर, विहिरीच्या तळाशी असावं तसं: थप. थप. थप.

ती हसायला लागली. "अगं, हा माझा हात आहे."

चौथ्या भागाच्या वेळी जुई दीड वर्षाची. सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून केतकी तिला चित्रीकरणाला घेऊन गेली होती. रेकॉर्डर माळ्यावर लावून ती खाली जिन्याच्या पायरीवर बसली, सगळे पुतळे झाले, आणि जुईने मांडीवर चुळबुळ केली. केतकीच्या हाताने आपलं काम सुरू केलं. डोक्याला विचारलंसुद्धा नाही. तो ठेका पायरीतून खांबात, खांबातून तुळईत आणि तुळईतून माळ्यावर गेला. नंतर सिनेमात अकरा ठिकाणी तीच शांतता अंथरली होती.

"कानाला कळत नाही, अंगाला कळतं," नाझनीन म्हणाली. "पाठीवरची ही लय आपण सगळ्यांनी कधीतरी घेतलेली आहे. नाडी तिच्या मागे चालते, अंग सैल पडतं. थोडक्यात, प्रेक्षक दोन वर्षांचा होतो. आणि दोन वर्षांच्या पोराला दचकवलं की ते पुरतं दचकतं. त्यात काही राखून ठेवत नाही."

शामरावांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हणजे आधी पाळणा हलवायचा आणि मग चिमटा काढायचा. लोक उलटं करतात."

"तसंच, काका."

"मग पाचव्या भागात जरा जोरात हलवा की."

केतकी त्या दिवशी पेढे घेऊन घरी गेली. खोटं कशाला बोला, तिला अभिमान वाटला होता. आपण पोर निजवायला करतो ते एवढ्या लोकांच्या नाडीत जाऊन बसलं, याचा कोणत्या आईला वाटणार नाही?

*

पाचवा भाग दिवाळीला लागायचा होता. पोस्टरवर फक्त एक हात होता, अंधारातून पुढे आलेला, थोपटायच्या बेतातला. केतकी दोन महिने आवाज जुळवत होती. थोपटणं, थांबणं, किंचाळी. पुन्हा मागे. थोपटणं, थांबणं, किंचाळी. दिवसातून चाळीसदा. आणि त्या दोन महिन्यांत बालवाडी सुटली की जुई स्टुडिओच्या मागच्या खोलीत गादीवर निजायची. भिंत अडीच फुटी होती. दार मात्र प्लायचं.

जुईचं हे सगळं केतकीने नाझनीनला सांगितलं. नाझनीनने एक आलेख उघडला.

"हे चौथा भाग पाचपाचदा पाहिलेले लोक. ही गेल्या वर्षीची रेघ. थोपटणं सुरू झालं की खाली जाते. आणि ही परवाची, चौथा पुन्हा लावला तेव्हाची."

परवाची रेघ वर जात होती.

"मेंदू सारखा पुढचा अंदाज बांधत बसतो, केते. ढग दिसला की छत्री. थोपटणं आलं की झोप, हा आपला पहिला अंदाज, बोलायच्याही आधीचा. आपण त्याच्यापुढे अकरा वेळा भूत ठेवलं. शेवटी त्याने अंदाज बदलला." ती खाली बघून म्हणाली, "मला दहा दिवसांपूर्वी दिसलं. सांगायचा धीर होत नव्हता."

"असे किती लोक?"

"लाखभर तरी."

"त्यांच्या घरी लेकरं असतील, नाझ."

"लेकरांनी कुठे सिनेमा पाहिलाय?"

"थोपटणारा हात दचकला तर पाठीला कळतं." केतकी उठली. "मी ते काढून टाकते सगळं."

शामराव तेव्हा मागच्या खोलीत जुईच्या शेजारी मांडी घालून बसले होते. त्यांच्या खिशात कायम कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा असे; जुई तो चाटत होती आणि त्यांच्या हाताचे केस मोजत होती. केतकीने सगळं सांगितलं.

"पोरी," ते म्हणाले, "तीनशे ऐंशी थिएटरं ठरलीत. चाळीस माणसं या गोदामावर जेवतात, त्यात तूही आलीस. हा भाग पडला तर मी परत गूळ विकायला मोकळा, आणि गूळही कोण घेत नाही आता. पोस्टरवर हात आहे, हात. तो काढून काय छापू, कोपर?"

"काका, ही माझ्याकडे पाठ करत नाही."

शामरावांनी जुईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती, अगदी मणका न् मणका चिकटवून. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, आणि मधेच थांबवून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला.

"आठ दिवस घे," ते म्हणाले. "काढ म्हणत नाही, ठेव म्हणत नाही. थिएटर भरेल आणि पोर निजेल, असं काहीतरी कर. भुतापेक्षा तूच मला जास्त घाबरवालीस."

*

पहिले चार दिवस केतकीने काहीच केलं नाही. म्हणजे स्वयंपाक केला, डबे भरले, जुईचे मोजे शोधले. पाचव्या दिवशी दुपारी कणीक मळताना तिला मागून कुजबुज ऐकू आली. जुई बाहुलीला झोपवत होती. मांडीवर पालथी घातलेली बाहुली, आणि छोटा हात तिच्या पाठीवर: थप. थप. थप. केतकीचे हात परातीतच राहिले.

जुईचा हात थांबला. हवेतच. तिने मान वर केली आणि छताकडे पाहत राहिली, श्वास धरून.

"काय बघतेस, जुई?"

"आता येणार."

"कोण?"

"ती. थांबलं की येते."

केतकी कणकेच्या हातांनीच तिच्याशेजारी बसली. "आणि थोपटताना येते?"

"थोपटताना कशाला येईल?" जुईला आईच्या अडाणीपणाची कीव आली. "थोपटताना तू असतेस की."

"मग मला नको का म्हणतेस?"

"तू थोपटलंस की मग थांबतेस. न थोपटलं की थांबतच नाहीस."

पातेल्यात थेंब पडला. केतकीला वाटलं, नाझनीनचे सगळे आलेख आणून या पोरीपुढे ठेवावेत आणि म्हणावं, वाच. घाबरवत होता तो हात नव्हताच. शांततेची चटई ओढायचा रिवाज होता, तो अर्धा सेकंद. आणि तो तिनेच कापला होता, कात्रीने कापावा तसा सरळ, अकरा ठिकाणी.

खरी आई असं थांबतच नाही. लेकरू निजलंसं वाटलं म्हणून एकदम हात उचलला, तर ते टक्क जागं होतं. हे पहिल्या महिन्यातच कळतं. आधी हाताचं वजन निम्मं करायचं. मग तळवा काढून नुसती बोटं. मग बोटांची टोकं. मग हात टेकलेला, पण हलत नाही. मग टेकलेलाही नाही, फक्त त्याची ऊब. मग तीही हळूच काढून घ्यायची आणि पावलं न वाजवता निघून जायचं, कारण भांडी पडलेली असतात. केव्हा थांबलं ते लेकराला कळू द्यायचं नाही. एवढं साधं. आणि आवाजाच्या धंद्यात दहा वर्षं काढून तिने हे एकदाही टिपलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत गेली आणि उशी थोपटली. उशी मेल्यासारखी वाजली. मग कणकेचा गोळा, मग फडक्यात बांधलेली गुळाची ढेप. काही जमेना. थोपटण्याला खालून श्वास भेटावा लागतो.

"पाठ पाहिजे," ती म्हणाली. "जिवंत. आणि जुई द्यायची नाही."

शामराव दारात उभे होते. अडुसष्ट वर्षांचे, नव्वद किलोंचे. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, टोपी खुंटीला अडकवली आणि सतरंजीवर पालथे पडले.

"चालव," ते जमिनीकडे तोंड करून म्हणाले. "कोणाला सांगितलंस तर बघ."

नाझनीनने तोंडात ओढणी कोंबली. केतकीने माईक लावला, गुडघे टेकले आणि त्या रुंद, घामेजल्या सदऱ्यावर हात ठेवला. थप. थप. थप. सुरुवातीला ते अंग आखडून पडले होते. मग खांदे उतरले. चौथ्या मिनिटाला एक लांब उसासा आला. तिने हात हलका केला. बोटं. टोकं. ऊब. मग ती मागे सरकून बसली आणि गोदामात फक्त एक मुंगी चालत राहिली.

वीस मिनिटांनी शामराव घोरण्यातून जागे झाले. उठून बसायला त्यांना वेळ लागला. डोळे लाल होते, ते काही झोपेने नव्हेत.

"कधी थांबलीस गं?"

"तुम्हीच सांगा."

त्यांनी विचार केला. "कळलं नाही," ते म्हणाले. "आमची आई मी सहा वर्षांचा असताना गेली. तिचंही कधी थांबलं ते..." मग चष्मा चढवून निर्मात्याच्या आवाजात म्हणाले, "तेवढं घोरणं कापा."

"राहू द्या की," केतकी म्हणाली. "भूत तुमचं, थोपटणं माझं. मधली दहा दचकणी तुमच्या मनासारखी करते, पण त्यांच्याखाली साधी शांतता घालते. थोपटणं एकदाच, शेवटी. आणि त्याच्यानंतर काही नाही. किंचाळी नाही, तोंड नाही."

"भयपटाच्या शेवटी काही नाही?"

"काही नाही."

"मेलो," शामराव म्हणाले, आणि टोपी घालायला गेले.

*

चाचणीचा खेळ दुपारी बाराला होता, एकशे शहाऐंशी नाडीखुर्च्यांपुढे. मागच्या रांगेत नाझनीनच्या मांडीवर लॅपटॉप, एका बाजूला केतकी, दुसऱ्या बाजूला नखं खाणारे शामराव. दहा दचकणी झाली. दहाही बेताची, रेघ पहिल्या भागाएवढीही उठली नाही. शामराव दोनदा "मेलो" म्हणाले.

मग शेवटचं दृश्य आलं. माळ्यावरची बाई ट्रंकेपाशी बसली आहे, पाठमोरी, आणि काहीतरी थोपटते आहे.

थप ऐकू आल्याबरोबर रेघ उभी चढली. लोकांना माहीत होतं, आता येणार. कोणी पाय वर घेतले, कोणी शेजाऱ्याच्या दंडाला धरलं. नाझनीन कुजबुजली, "एवढी वर मी कधी पाहिली नाही." ती एक मिनिट तशीच राहिली, ताणलेल्या तारेसारखी. मग थोपटणं हलकं होत गेलं. प्रत्येक जण थांबण्याची वाट बघत होता, आणि ते थांबत नव्हतं; नुसतं दूर चाललं होतं. तार सैल पडायला लागली. शंभर, नव्वद, ऐंशी, सत्तर. चौसष्ट. पडदा काळा झाला. नावं वर सरकली, संपली. दिवे लागले, तरी कोणी उठलं नाही. तिसऱ्या रांगेतला मिसरूड फुटलेला एक गडी आईच्या खांद्यावर डोकं टाकून चक्क झोपला होता, आणि आई डोअरकीपरला बोटाने गप्प बस म्हणून खुणावत होती.

धंद्याचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात पाचवा भाग चौथ्याच्या निम्म्यावर होता. वर्तमानपत्रांनी 'पोटमाळ्याला झोप लागली' असे मथळे दिले, आणि शामरावांनी गुळाच्या एका जुन्या व्यापाऱ्याला फोनही लावून ठेवला. पण दुसऱ्या आठवड्यात तो पडला नाही. तिसऱ्यात वर सरकला. लोक म्हाताऱ्या आयांना घेऊन येत होते. ज्यांनी जन्मात भुताचा सिनेमा पाहिला नव्हता अशा बायका रिक्षा करून येत होत्या. आणि नाझनीनच्या आलेखात, पाचवा भाग दोनदा पाहिलेल्यांची रेघ थोपटण्याच्या जागी पुन्हा खाली वळायला लागली होती. अगदी थोडी. मेंदूने एकदा बदललेला अंदाज परत बदलायला पुराव्यांची रास लागते, ती म्हणाली.

जुईला तर कुठला सिनेमा दाखवणार? तिच्यासाठी पुरावे घरीच गोळा करायचे होते. केतकीने ते जुईवरच सोपवलं. रोज दुपारी ती पालथी पडायची आणि जुई तिला थोपटायची. थांबायची. छताकडे बघायची. कोणी आलं नाही की पुन्हा थोपटायची. आठवडाभराने छताकडे बघणं कमी झालं. एकदा तिने थांबल्यावर आईच्या कानात "भॉ" केलं आणि स्वतःच हसून लोळली. रणजित दूध संघातून आला की त्याचीही पाठ कामाला लागायची, तो दोन मिनिटांत घोरायचा, आणि जुई गंभीरपणे सांगायची, "बाबाला भीती वाटत नाही. बाबाला काहीच वाटत नाही."

केतकीने स्वतःहून हात लावला नाही. उशीवर, दिसेल असा, तो रोज ठेवलेला असायचा.

एकोणिसाव्या दिवशी, दुपारीच, जुई तिच्याकडे तोंड करून गाडीच्या चाकांविषयी काहीतरी सांगत होती. सांगता सांगता शब्द लांब व्हायला लागले. तिने जांभई दिली, कूस बदलली, आणि भिंतीकडे तोंड केलं. पाठ आईकडे आली. फ्रॉकचं वरचं बटण उघडं होतं, मानेखाली पावडरचा पांढरा पट्टा.

केतकी थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग एक छोटा हात मागे आला, उशीवर चाचपडला, तिचं बोट सापडल्यावर त्याने ओढलं आणि ते फ्रॉकवर आणून ठेवलं.

थप. थप. थप. मग दोघींना जुनी लय सापडली. मोरीत थेंब पडला; कोणी दचकलं नाही. श्वास लांब झाला. केतकीने वजन निम्मं केलं. तळवा काढला. नुसती बोटं. टोकं. आता फक्त ऊब उरली होती, आणि तीही उचलायच्या बेतात असताना भिंतीकडून आवाज आला, झोपेच्या पार पलीकडून, तरीही स्पष्ट:

"आई, शेवटचं थोपटणं कुठलं, ते तुला आधी ठाऊक असतं काय?"